ओसरीवरची बाग

निरगुडसरच्या साळुबाईंनी ओसरीच्या भिंतीवर चित्र काढायला बोलावलं, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. त्यांचं घर, पुढची बाग आणि बागेत खेळणारी नात समृद्धी, एवढंच त्यांना हवं होतं. समृद्धीला गेल्या थंडीत याच बागेतून बिबट्यानं नेलं.

मी शाळांच्या भिंतींवर मोर काढणारा पेंटर. गेलेल्या पोरीला हसताना काढणं माझ्यानं होत नाही, आणि एरवी मी ते तोंडावर सांगतो. त्या दिवशी मात्र रंगाचे डबे उघडले.

आमचं काम मागून पुढं चालतं. आधी आभाळ, मग डोंगर, मग शेत, शेवटी माणूस. हाताच्या सवयीनं मी घरामागं ऊस काढला. आमच्याकडं घरामागं ऊस नसला तर चित्र अर्धवट वाटतं. साळुबाई चहा घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

“भाऊ, त्यो ऊस काढून टाका. त्यातनंच आलं व्हतं ते.”

स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली. उसावर शेवंती रंगवली. बुटकं पीक, पलीकडचं दिसणारं. मग त्या म्हणाल्या, बागेला कुंपण घाला. घातलं. दिवा लावा. लावला. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण जिभेवर आली होती, ती गिळली. शेवटी मोबाइलमधल्या फोटोवरून समृद्धी काढली, लाल फ्रॉकातली. साळुबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“घराचं दार लावा. उघडं नको.”

मी तपकिरी रंगानं दार बंद केलं.

“आन ही भाईर ऱ्हायली की, भाऊ.”

माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. “आत घ्यायची तर हितली पुसावी लागंल, मावशी,” म्हणत मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“पुसू नका तिला. दार उघडा.”

रंग ओला होता, म्हणून दार लगेच उघडता आलं.

परवा दिवेलागणीला त्यांच्या घरावरून गेलो. हल्ली गावातली दारं उजेडातच लागतात. साळुबाईंचे मालक हौशीराम दार लोटत होते आणि त्या ते पुन्हा उघडत होत्या.

“पोरगी भाईर हाय,” एवढंच त्या म्हणाल्या.

हौशीरामांनी भिंतीकडं पाहिलं. मग काठी घेऊन ते उंबऱ्यात बसले.