डाव्या बाजूचा आरसा

पिकअपच्या डाव्या दारावरचा ओरखडा चार बोटं लांब होता, जमिनीपासून बरोबर कमरेच्या उंचीवर. सुरुवातीला खोल, पुढे उथळ होत गेलेला आणि शेवटाला काळ्या रबराचा पुसट डाग. मिस्त्रीने तो डाग अंगठ्याने घासून पाहिला आणि हात फडक्याला पुसला.

"फाटकाला घासली," पायलट म्हणाला.

त्याला सगळे पायलटच म्हणत. सव्वीस वर्षं तो इस्पितळाच्या मळक्या चादरी धुलाईखान्यात आणि धुतलेल्या परत इस्पितळात पोचवत होता. आताही पिकअपच्या हौद्यात धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते.

"बोला पायलट, आज कोणता दागिना घडवायचा?" मिस्त्रीने विचारलं.

"डाव्या अंगाला मोठा आरसा लाव. रुंद दाखवणारा."

"अहो, मागच्याच महिन्यात गोल आरसा बसवला की!"

"तो पुरत नाही."

डावीकडच्या सीटवरून त्याची बायको उतरली. ती धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची आणि रोज त्याच्या शेजारी बसून जायची-यायची. "लावा हो भावजी," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात मणी नाही नवा, पण हिला दर महिन्याला काहीतरी हवंच."

मिस्त्री हसला. पायलट हसला नाही.

गाडीला काय लावावं याबद्दल त्याची मतं पक्की होती. जे रोज कामाला येत नाही ते नुसतं ओझं. रंगीत दिवे, चकचकीत चाकं, कान फाडणारे हॉर्न लावून फिरणाऱ्यांची तो टिंगल करायचा. ओल्या चादरी जड असतात म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एक जादा पान घातलं, हौद्यावर ताडपत्रीचा सांगाडा उभा केला. दोन्ही कामाला आलं. गेल्या दोन वर्षांतल्या गोष्टी मात्र वेगळ्या होत्या. प्रखर दिवे, मागचा कॅमेरा, काही जवळ आलं की टुणटुण वाजणारी पट्टी, गोल आरसा. पुढे काय लावायचं ते तो एका कागदाच्या पाठीवर लिहून ठेवायचा. त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या यंत्राने छापलेली दोन वर्तुळं होती, दोन्ही डावीकडून काळवंडलेली. डोळ्याची नस सुकते आहे, डावीकडचं दिसणं जातंय, गाडी चालवणं बंद करा, असं बाईंनी सांगितलं त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्याने ती बाजू उलटून पाहिली नव्हती.

बायकोने कागदाबद्दल कधी विचारलं नाही. ती फक्त प्रवासभर बोलत राहायची. "तो बघा हातगाडीवाला कसा मधेच." "किती माणसं चढतायत त्या बसमध्ये." लोक म्हणत, बाईच्या तोंडाला विश्रांती नाही. नीट ऐकलं असतं तर कळलं असतं, की ती फक्त डावीकडचंच बोलते.

मग तिचं मनगट मोडलं. महिनाभर ती घरी होती. त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात, वळणावर, त्याला दाराशी काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. दहा मिनिटांनी वळसा घालून परत आला, तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. कडेला सायकलच्या मुठीचं काळं रबर पडलं होतं आणि एक बायकी चप्पल, डाव्या पायाची, पट्टा तुटलेली. त्या दिवशी इस्पितळात चादरी उतरवताना त्याने कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

"बसा आत," मिस्त्री म्हणाला. "नजर समोर. मान हलवायची नाही, डोळेही नाहीत."

आरसा लावण्याची त्याची एक पद्धत होती. आरशाशिवाय माणसाला कुठपर्यंत दिसतं ते आधी बघायचं आणि जिथे दिसायचं थांबतं तिथून पुढचं आरशाकडे सोपवायचं. हातात लाल फडकं धरून तो उजव्या बाजूने मागून पुढे चालत आला.

"दिसलं!"

दाराच्या पुढच्या कडेशी त्याने जमिनीवर खडूने रेघ मारली. मग डाव्या बाजूने तसाच निघाला. मागचं चाक गेलं. दार गेलं. पुढचं चाक गेलं. मिस्त्री थबकला. फडकं जोराने हलवून पाहिलं.

"सुरुवात कर की," पायलट म्हणाला.

मिस्त्री आणखी पुढे सरकला. दिव्याच्याही पुढे, नंबरपट्टीच्या कोपऱ्याशी तो आला, तेव्हा आतून आवाज आला, "दिसलं!"

त्याने तिथे रेघ मारली आणि खडू हातातच धरून उभा राहिला. दारापासून त्या रेघेपर्यंतच्या जागेत एक सायकल आरामात मावली असती.

"एवढं झाकेल असा आरसा मिळत नाही, पायलट," तो हळूच म्हणाला.

बायको चालत आली आणि त्या जागेत उभी राहिली. या वेळी ती काही बोलली नाही.

पायलट समोरच पाहत होता, सांगितलं होतं तसा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"अगं, कुठे गेलीस?" त्याने विचारलं.

ती चार हातांच्या अंतरावर होती. तिने पदर तोंडावर दाबून धरला.

"अगं?"

मग त्याने मान वळवली. आधी ती दिसली, नंतर तिच्या पायांपुढची खडूची रेघ. ती रेघ त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. किल्ली काढली, खाली उतरला, गाडीला वळसा घालून डावीकडे आला आणि ती मिस्त्रीच्या हातावर ठेवली.

"चादरी तू पोचव. इस्पितळाच्या मागच्या दाराला लाव गाडी, बायकांचा वॉर्ड वाट बघत असेल."

"आणि आरसा?"

"नको." त्याने ओरखड्यावर तळहात ठेवला. "फाटक नव्हतं ते. सायकलवर कोणीतरी बाई होती. मी थांबलो नाही." आणि मग बायकोकडे वळून, तिच्या तोंडाकडे नीट पाहत, तो म्हणाला, "यापुढे मी गाडी चालवणार नाही."