गारठलेली बंदूक

आर्विलनं तरफ वर ओढली, ठोकळा नळीमागे जाऊन बसला आणि बंदूक वाजली.

चापाला बोट लागलं नव्हतं. घोडा तसाच मागे होता, त्याला अंगठासुद्धा शिवला नव्हता. काडतुसात दारू नव्हती, गोळीही नव्हती. बुडाला स्फोटकाची टिकली लावलेली नुसती रिकामी टोपणी होती. त्यामुळे आवाज फटाक्याएवढाच झाला. तरी आर्विल मागच्या खोक्यावर मटकन बसला.

दुकानात दुरुस्तीला आलेली कुठलीही जुनी बंदूक तो आधी अशीच पारखायचा. ही रीत त्याच्या वडिलांची, चर्चचे पाळक फॅरिस यांची. "रोग्याला आधी बोलू द्यावं, मग औषध काढावं," असं ते म्हणत. आज रोगी बोलला होता, आणि काय बोलला ते आर्विलच्या कानात शिरत नव्हतं.

सकाळ गोठलेली होती. शेगडी अजून पेटवायची होती. त्यानं लाकडं रचली, काडी लावली, कॉफी उकळली. दुकान उबदार झालं तेव्हा त्यानं बंदूक पुन्हा हातात घेतली, नवी टोपणी भरली आणि तरफ ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा तर मुद्दाम झटका देऊन ओढली. बंदूक मुकी.

त्याला हायसं वाटलं. टिकलीच नासकी असेल, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याची नजर शेगडीकडे गेली आणि कॉफीचा पेला ओठापर्यंत आलाच नाही.

बंदूक घेऊन तो बाहेर गेला आणि ओसरीच्या कठड्यावर, दहिवरात, ती आडवी ठेवून दिली.

अंगणात कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या नेवानं, त्याच्या बायकोनं, मान वर केली.

"काय हो, बंदुकीला हवा खायला बसवलीत? तिला शालबिल देऊ का?"

एरवी त्यानं सव्याज परतफेड केली असती. आज त्यानं बंदुकीवरून नजर हलवली नाही. नेवानं दाण्याचं पातेलं खाली ठेवलं.

"कुणाची आहे?"

"डेल्मरची."

तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. पिजन खोऱ्यात डेल्मरची बंदूक म्हटलं की ती एकच.

काल दुपारी डेल्मर आला होता. गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "छप्पर अजून उभं आहे का रे तुझं? मला वाटलं, तुझ्या टकलावर उतरलं असेल." आर्विलही म्हणाला, "तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांच्या पैशात छप्पर होत नाही बाबा, नुसतं भोक बुजतं." दोघंही हसले. मग डेल्मरनं गोधडीत गुंडाळलेली लांबोडकी वस्तू टेबलावर ठेवली. आजोबांच्या काळातली, एका वेळी एकच गोळी घेणारी ती हलकी रायफल. तिची तरफ जाड तारेनं दस्त्याला आवळून बांधलेली होती, आणि तार गंजून काळी पडली होती.

"नात मागे लागलीय. माळ्यावर सापडली तिला," तो म्हणाला. "बत्तीस मापाचं काडतूस आता मिळत नाही म्हणे. तू नळीत दुसरी नळी बसव आणि बारीक मापाची, बावीसची करून टाक." मग जरा थांबून, "मिळत असतं तरी बदलायचीच होती. तिच्यात तसली गोळी पुन्हा जायला नको."

तसली गोळी कुठली, ते आर्विलला ठाऊक होतं. डेल्मर एकोणीस वर्षांचा असताना, एका थंड सकाळी, कुंपणाशी उभं राहून त्यानं या बंदुकीत काडतूस भरलं होतं. फाटकात त्याची बहीण ओपल दुधाची बादली घेऊन उभी होती. "मी चाप ओढला नाही," असं तो त्या दिवशी ज्याला त्याला सांगत सुटला. त्याच्या बापानं बंदूक घरात आणली, चुलीपाशी बसून रिकाम्या बंदुकीची तरफ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि म्हणाला, "घोडा आपोआप पडतोय का कुठे? पोरा, खोटं नको बोलूस." हळूहळू डेल्मरनं सांगणं सोडलं. बोट लागलंच असेल, असं पुढे पुढे तोच म्हणायला लागला.

ओपलच्या मातीच्या वेळी प्रवचन केलं ते पाळक फॅरिस यांनी. त्यांचं बोलणं साध्या शब्दांत सुरू व्हायचं, मग श्वासाचा ठेका धरायचं, मग कधी सूर व्हायचं ते ऐकणाऱ्यालाही कळत नसे. पावसाचं पाणी पन्हाळीतून उतरावं तसा तो सूर माणसांत उतरायचा. त्या दिवशी त्यांनी गायलं, 'हात चुकतो, हे प्रभू, लेकराचा हात चुकतो, आणि चुकलेला हातच तू आधी हातात घेतोस.' सगळी टेकडी रडली. त्या दिवसापासून खोऱ्याच्या लेखी डेल्मरचा हात चुकला तो चुकलाच. इतक्या गोड सुरात सांगितलेली गोष्ट कोण तपासायला जातो?

डेल्मर तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये येई आणि शेवटच्या बाकावर बसे. त्याच्या वयाची माणसं एकेक करून पुढे गेली, आपली साक्ष सांगून ओढ्याच्या पाण्यात उतरली, बाप्तिस्मा घेऊन वर आली. तो उठला नाही. ज्याला त्याला आपल्या वेळेला हाक येते, असं म्हणून लोकांनीही त्याला छेडलं नाही.

कठड्यावरची बंदूक चांगली गारठली तेव्हा आर्विलनं तिथंच उभ्यानं टोपणी भरली, नळी डोंगराकडे केली आणि तरफ ओढली.

ती वाजली. कोंबड्या फडफडल्या. नेवानं तोंडावर पदरासारखा एप्रन धरला.

"चापाला हात नाही लावलात तुम्ही," ती म्हणाली. "मी बघत होते. हात नाही लावलात."

आत येऊन त्यानं ठोकळा सुटा केला. मूळची बंदूक काडतुसाला कडेवर ठोका देणारी. नंतर मध्यावर ठोका घेणारी काडतुसं मिळू लागली, म्हणून कुणीतरी कडेचं भोक पितळेनं बुजवून मधोमध नवं पाडलं होतं आणि त्यात हातानं घडवलेली ठोकणी, म्हणजे टिकलीवर आपटणारी बारीक खीळ, बसवली होती. काम देखणं होतं. फक्त भोक केसभर तंग होतं. तेल थंडीनं घट्ट झालं की ठोकणी मागे सरायची नाही, टोक बाहेर काढून तशीच राहायची, आणि तरफ ओढताच टिकलीवर जाऊन आदळायची. उबेला मात्र सुतासारखी सरळ वागायची. डेल्मरच्या बापानं ती चुलीपाशी पारखली होती.

पितळेवर कानशीचे तिरपे, एकाआड एक उलटे फिरवलेले बारीक फराटे होते. आर्विलनं ते बोटानं चाचपले. असे फराटे त्याच्या स्वतःच्या कामावरही असायचे. ज्यानं शिकवलं त्याची कानस तशीच फिरायची.

मग काल कापून कोपऱ्यात टाकलेल्या तारेकडे तो वळला. ती त्यानं उचलून उजेडात धरली. दुहेरी पीळ, आणि टोकं आत दडपलेली, कुणाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. घरचं सगळं कुंपण अशा पिळानं बांधलेलं होतं. ते बांधताना त्यानं वडिलांना तार धरून दिली होती.

बंदूक नुसती वडिलांनी बदलली नव्हती. ती बांधलीही त्यांनीच होती. ज्याला माहीत नसतं तो कशाला बांधील? आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी बंदुकांचं काम कायमचं सोडलं होतं. देवानं हातातली कानस काढून घेतली, असं लोक कौतुकानं म्हणत. आर्विलही म्हणत आला होता.

नेवा दारात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही, तिनं तार ओळखली.

"ठोकळाच नवा घाला," ती म्हणाली. "हा भट्टीत टाका. कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही."

"तुमच्या बापाच्या नावानं चर्चची खोली आहे हो. अजून लोक त्यांच्या प्रवचनांच्या टेपा लावून झोपतात."

"माहितेय."

"आणि तो मागच्या बाकावर बसतो," असं म्हणून ती आपणच आपल्या बोलण्याला अडखळली आणि डोळे पुसत आत निघून गेली.

डेल्मर दुपारी आला. त्याच्या गाडीची काच खाली होती आणि आतून फॅरिस यांचा आवाज येत होता, जुन्या टेपवरचा, मध्येच खरखरणारा. इंजिन बंद झालं तेव्हा सूर अर्ध्यावर तुटला.

"झाली का माझी बावीस?" त्यानं विचारलं. "का नुसता शेगडीशी बसून राजमा खातोयस?"

पुन्हा जुळवलेली बंदूक ओसरीवर गारठत होती. ती आर्विलनं आत आणली, डेल्मरच्या देखत रिकामी टोपणी भरली, नळी उघड्या दारातून मोकळ्या रानाकडे वळवली आणि ती त्याच्या हातात दिली.

"चापापासून बोट लांब ठेव. नुसती तरफ ओढ."

डेल्मरनं त्याच्याकडे पाहिलं. मग तरफ ओढली.

आवाज झाल्यावर त्यानं बंदूक खाली टाकली नाही, दचकलाही नाही. पापणी तेवढी एकदा मिटली.

"तुझा हात चुकला नव्हता," आर्विल म्हणाला. "भोक तंग आहे. माझ्या बापानं पाडलंय. त्याला कळलं होतं, डेल्मर. त्यानंच तार बांधली. मातीच्या आधी की नंतर, ते मला ठाऊक नाही."

"नंतर. त्याच रात्री," डेल्मर म्हणाला. "बघतो म्हणून मागून नेली होती त्यानं. त्याच्या कोठारात शेगडी नव्हती."

आर्विलनं झटकन मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. जायच्या आधी बोलावून घेतलं होतं. तुम्ही सगळे बाहेर होता, औषध आणायला की काय. उशीत तोंड घालून रडला. मी म्हटलं, माफ केलं." डेल्मरनं बंदूक अलगद टेबलावर ठेवली. "मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? तोंडानं म्हटलं. पोटातून निघेना. एवढं खोटं पोटात धरून पाण्यात कसा उतरू?"

"इतकी वर्षं? आणि त्याच्या टेपा ऐकतोस?"

"आवाज खरा होता रे त्याचा," डेल्मर म्हणाला. "तेच तर अवघड होतं."

आर्विलनं बंदूक आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, "माझ्याकडेच का आणलीस? शहरात दहा दुकानं आहेत."

"तू आधी टोपणी घालून पारखतोस, हे ठाऊक होतं. कळणार तर तुलाच कळणार." डेल्मरनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "कळल्यावर झाकतोस की सांगतोस, ते बघायचं होतं."

सकाळी नेवा बोलली तेव्हा आपण भट्टीच्या झाकणाकडे किती वेळ पाहत होतो, हे आर्विलनं त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं राहूनच गेलं.

"रविवारी मी उभा राहून बोलतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"बोल. पण त्याच्या टेपा फेकू नका म्हणावं."

दोघं ओसरीवर आले. कुंपणापलीकडे ओढा दिसत होता, काठाकाठानं पातळ बर्फ धरलेला. डेल्मर त्याच्याकडे बघत कठड्याला टेकला.

"पाणी आत्ता केवढं गार असेल रे?"

"हाडं गोठतील."

"बाप्तिस्म्याला दोन माणसं लागतात ना धरायला?"

"दोन लागतात," आर्विल म्हणाला. "एका बाजूला मी असेन."

डेल्मरनं मान हलवली आणि कोटाची बटणं लावायला सुरुवात केली. वरचं बटण त्याच्या बोटांना काही केल्या सापडेना.