बर्फ कमी पडला म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. निळी, कडी तुटलेली आणि सध्या दहिसरच्या एका रक्ततपासणी केंद्रामागे मोरीपाशी फेकलेली. पण मी रडगाणं गाणार नाही. मला राग आला आहे आणि तो तुम्ही ऐकायचाच आहे.

बाहेरची गरमी आत येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठीच मला जाड भिंतींची बनवली. सकाळी लोकांच्या रक्ताच्या नळ्या माझ्या पोटात बर्फावर ठेवत. पेटी भरली की दुपारी केंद्रातला ऑस्टिन मला स्कूटरला बांधून अंधेरीच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेई. एकही नळी मी फुटू दिली नाही. केंद्राचे मालक चंद्रप्रकाश येईल त्याला ऐकवत, "आपल्याकडे रक्त बर्फातच जातं!" तेव्हा मलाही अभिमान वाटायचा.

मग आमच्याकडे रक्त दिलेल्या पेट्रिशियाबाईंचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलेलं. त्याने हृदय बंद पडू शकतं म्हणून डॉक्टरांनी त्यांची हृदयाची एक गोळी थांबवली, कारण ती पोटॅशियम वाढवते. मुलगा रोनाल्ड घाबरला. पोटॅशियम असतं म्हणून शहाळं बंद, केळं बंद. गोळी थांबली तशा बाईंच्या पायांना सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली.

त्या पुन्हा रक्त द्यायला आल्या, तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाले, "मागच्या वेळी बर्फ कमी पडला असेल. पेटी जुनी झालीय ना! ऑस्टिन, जास्त भर रे."

पेट्रिशियाबाई धापा टाकत म्हणाल्या, "अरे, आम्ही पापलेटला पण एवढा बर्फ नाय लावत!"

आकडा आणखी चढला. खापर माझ्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण पेटीला तळपाय कुठले?

अंधेरीच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर इरावती मात्र चक्रावल्या. दहिसरहून येणाऱ्या सगळ्यांचंच पोटॅशियम कसं वाढलेलं? त्या स्वतः केंद्रावर आल्या. पेट्रिशियाबाईंच्या रक्ताच्या दोन नळ्या घेतल्या. एक तशीच दुपारपर्यंत बर्फात ठेवली. दुसरीतलं रक्त बर्फाबाहेरच साकळू दिलं आणि लगेच यंत्रात फिरवून पेशींवरचं पिवळसर पाणी वेगळं केलं. बर्फातल्या नळीत पोटॅशियम वाढलेलं, दुसरीत अगदी ठीक.

"अहो, थंडीत रक्तपेशी आतलं पोटॅशियम बाहेर सोडतात," इरावती कडाडल्या. "तपासणीतल्या बहुतेक चुका नमुना यंत्रात जायच्या आधीच होतात. अभ्यासामागून अभ्यास हेच सांगतायत. वाचत नाही का तुम्ही? आधी फिरवा, मग पाठवा!"

"पण मॅडम, बर्फात तर सगळं टिकतं ना?" चंद्रप्रकाश पुटपुटले.

गोळी पुन्हा सुरू झाली. सूज उतरली. रोनाल्ड जाब विचारायला आला, तर चंद्रप्रकाश हसून म्हणाले, "जुनी पेटी होती यार, फेकून दिली. आता टेन्शन नाय." आणि मी इथे आले.

मित्रांनो, तुमच्या घरच्यांचं रक्त घेतील तेव्हा बिनधास्त विचारा, हे कुठे ठेवणार आणि किती वेळ? विचारताना लाजू नका.

माझी माफी कोणी मागू नका. मी पेटी आहे, भरतील ते गार ठेवते. पण ज्या बाई आपल्याच जिन्यात श्वासासाठी थांबत होत्या, त्यांची तरी मागा. अजून कोणी मागितलेली नाही.