भिंतीवरचं स्टेशन

डोळ्याच्या दवाखान्यात असं चित्र कोण टांगते, कोणास ठाऊक. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात ऑपरेशननंतर नवऱ्याच्या डोळ्यावरची पट्टी सोडली, तर समोरच्या भिंतीवर विदेशातलं गजबजलेलं रेल्वे स्टेशन. नुसता निळा धूर, इंजिनाच्या जागी काळा डाग, माणसांच्या जागी ब्रशचे फटकारे. यांचा एक डोळा आधीच गेलेला. हातमागावरचं बारीक सूत या दुसऱ्याच्याच भरवशावर. डोळा बारीक करून ते भिंतीकडे पाहू लागले.

"अंजू, समदं पुसटच दिसून राहिलं वं."

मला हसूच आलं. "मलेही तसंच दिसते जी. चित्रच तसं काढलं आहे."

त्यांचा जीव भांड्यात पडला. हसत हसत ते माझ्याकडे वळले, आणि हसू तिथंच थांबलं.

"मंग तुहं तोंडही काहून तसंच दिसून राहिलं?"