पुनवंची चटनी

आमच्या घरात छप्पन्न सालापासनं नारळ आला न्हवता. सासऱ्यानं देव्हारा उचलला, नीरंच्या पान्यात सोडला, आन त्या दिशी नारळ, अंगारा, नवस समदं बंद झालं. मी नवी नवरी हुते. सासरा म्हनला, "पुतळा, हितनं फुडं हात जोडायचं ते बुद्धाला, आन पोरंबाळं आजारी पडली तर डाक्टरला." मी व्हय म्हनलं. नवी नवरी दुसरं काय म्हननार?

तर अशा घरात चौऱ्यान्नव साली लंकेच्या एका बाईनं पहिल्याच सकाळी उंबऱ्याम्होरं नारळ फोडला. त्योबी आमच्याच कोयत्यानं.

आन ही बाई तिच्या नवऱ्यासंगं आमाला धम्म शिकवायला आल्याली.

वडगाव निंबाळकरला आमच्या वस्तीनं विहार बांधला. आमचं मालक कमिटीचं अध्यक्ष. लोकं त्येंना धोंडीबा तात्या म्हनत्यात. मालकांनी लंकेतल्या एका धम्म-मंडळाला सूनबाईकडनं, अंजलीकडनं, इंग्रजीत कळवलं, की आमाला वंदना शिकवायला कोनतरी धाडा. मालकांना वाटलं, तरनाबांड भंतेजी यील. बारामतीच्या स्टँडवर यष्टीतनं उतरलं एक रिटायर स्टेशनमास्तर, पियदासराव, आन त्येंची मंडळी सोमावती. दोघंबी साठीच्या पल्याड, दोघांचीबी कापडं पांढरीफेक. दोन वर्सं ऱ्हानार हुती. रस्त्याकडची खोली आमी त्येंना दिली.

पियदासराव टायमाचं पक्कं. सकाळी सहाची वंदना म्हंजी सहाची. रिकाम्या सतरंज्यांम्होरं सुरू करायचं आन संपवायचं. आमची लोकं तोंड धुऊन यायची तवर वंदना सुटून गेल्याली असायची. पन मानूस रागवायचा न्हाय. दुसऱ्या दिशी पुन्ना सहा.

घोळ घातला तो नारळानं. कमिटीतला महिपती, ज्येला दुसऱ्याच्या अंगनातलं आदी दिसतं, त्यो पळत आला. "तात्या, धम्म शिकवायला आनल्याली बाई उंबऱ्याला नारळ फोडती! उद्या धोंड्याला शेंदूर फासंल!"

मीटिंग बसली. अंजलीनं इंग्रजीत इचारलं.  पियदासराव म्हनलं, आमच्यात नारळाबिगर कालवन हुत न्हाय, त्यात पाप कसलं? अंजलीनं त्येंना आमचा सगळा इतिहास सांगितला. म्हातारा उठला, हात जोडलं आन माफी मागितली. मला लाज वाटली.

कमिटीनं ठरवलं की नारळ फोडायचा तो खान्यापुरता, उंबऱ्यावर न्हाय. महिपतीनं त्येला शेपूट लावलं, "आन देवापायी एकदा जरी फोडला, तर दोघांनी त्याच दिशी दौंडची गाडी धरायची." मालकांनी मान हलवली. अध्यक्ष मानूस, मान हलवायचीच.

तवापासनं सोमावती माझ्या चुलीम्होरं बसून नारळ खवायची. लंकेवरनं लोखंडी खवनी घिऊन आल्याली, बया! आमाला एकमेकीची भाषा येत न्हवती, म्हनून भांडनं झाली न्हाईत. मी तिला भाकरी थापायला शिकवली. पहिली भाकरी लंकेच्या नकाशावानी झाली. ती मलाच खावी लागली. दुपारी दोघी वट्ट्यावर पान खायचो. माझ्या सख्ख्या जावंसंगं मी कवा इतकी बसले न्हाय.

मंग एका पुनवंला, वंदनेच्या आदी, मी शेनाची पाटी घिऊन गोठ्यामागं गेले. बघते तर सोमावती. म्होरं एक दिवा, दिव्याला टेकवून फोटू, हातात नारळ. नारळ तिनं कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटली आन दगडावर आपटला. खाडकन दोन भकलं.

माझं डोस्कंच फिरलं. "अगं भवाने! दौंडची गाडी धरायची हाय व्हय तुला? समद्या वस्तीत आमचं नाक कापतीस?"

ती पळाली न्हाय. फोटू उचलून तिनं माझ्याम्होरं धरला. पांढऱ्या सदऱ्यातला पोरगा, नुकती मिसरूड फुटल्याली. "पुत्त," ती म्हनली. पुत्त म्हंजी ल्योक, तेवढी पाली मला वंदनेतनं येती. "नंदसिरी," म्हनली. मंग तिनं आपलंच दोन्ही हात पाठीमागं धरलं, बांधल्यावानी. गाडीचा आवाज काढला. लांब रस्त्याकडं बोट केलं आन तशीच बघत ऱ्हायली. पोरगा मेला म्हनून तिनं सांगितलं न्हाय. आला न्हाय, एवढंच सांगितलं.

माझी छकुली बहात्तरच्या दुष्काळात जुलाबानं गेली. बारामतीला दवाखान्यात नेली हुती, डाक्टरनं व्हईल तेवढं केलं. बाजारातनं येताना नारळाचा ढीग दिसला आन माझं पाय थांबलं. सासरा म्हनला, चल. मी चालले. फोडला असता तरी पोर जानारच हुती. ह्ये मला तवाबी कळत हुतं, आत्ताबी कळतंय. पर माझा जीव अजून त्या ढिगापाशीच अडकलाय.

तेवढ्यात गोठ्याच्या म्होरनं महिपतीचा आवाज आला. "तात्या, नारळाचा आवाज! पुनवंच्या दिशी! चला, रंगेहात धरू!"

मी फोटू माझ्या पोलक्यात घातला. दिव्यावर शेनाची पाटी पालथी घातली. भकलं पदरात घिऊन उभी ऱ्हायले. महिपती आला, त्येच्या मागं आमचं मालक.

"वयनी, नारळ कुनी फोडला?"

"मी. चटनीला."

"गोठ्यामागं?"

"कमिटीनं उंबऱ्यावर बंदी घातलीया. गोठ्यावर घातली का?"

त्यो सोमावतीकडं बघाया लागला. "मंग ह्या बाईच्या डोळ्यात पानी कशाला?"

"मिरचीनं."

"मिरची कुठं हाय?"

"चाललेच हुते आनाया. तुमी वाट आडवलीया."

 मालकांची नजर पाटीकडं. पाटीच्या कडंनं दिव्याचा धूर येत हुता, बारीकसा. मला वाटलं, झालं. खरं बोलायचं म्हनून ह्या मानसानं जमिनीच्या वादात सख्ख्या भावाइरुद्ध साक्ष दिल्याली. आता म्हातारा-म्हातारीचं गाठुडं बांधावं लागनार, आन ती बाई पुन्ना कुठल्या रस्त्याकडं बघत बसनार? 

मालक खाकरलं. "महिपती, घरात चल. चटनी खाऊन जा." मंग माझ्याकडं न बघता म्हनलं, "मिरची जरा जास्त घाला. लांबनं वास आला पायजे."

मी चटनी वाटली. जलमात कवा खोबऱ्याची केली न्हवती, सोमावतीनं हातानं दाखवलं तशी केली. महिपतीनं दोन भाकरी हानल्या आन बरी झालीया म्हनून गेला. मालकांनी एक घास घेतला. लई येळ चावला. गिळला एकदाचा.

सांजच्याला मालक वट्ट्यावर बसलं हुतं. म्हनलं, "त्या पोराचं नाव काय?"

"कुठल्या पोराचं?"

"पुतळे, शेनाच्या पाटीखालनं धूर येतो व्हय? आन तुझ्या पोलक्यातनं फोटूतला पोरगा डोकावत हुता."

मी सगळं सांगितलं, छकुलीच्या येळच्या त्या नारळाच्या ढिगाचंबी. मालकांनी ऐकून घेतलं. म्हनलं, "नंदसिरी," आन रस्त्याकडं बघाया लागलं.

फुडल्या पुनवंच्या आदल्या दिशी मालक भेंडी घिऊन बारामतीच्या मार्केट यार्डात गेलं. आल्यावर पिशवी माझ्या हातात दिली. आत दोन नारळ. सासऱ्याच्या फोटूखाली उभी ऱ्हाऊन मी इचारलं, "ह्ये काय?"

"चटनीला."

"एक पुरतो की."

"एक त्या बाईच्या चटनीला."

"आन दुसरा?"

मालकांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आन पाय धुवायला मोरीवर गेलं. तितं लई येळ पान्याचा आवाज येत ऱ्हायला. एवढा येळ कुनाला पाय धुवायला लागत न्हाय.

दुसऱ्या दिशी सकाळी सोमावतीनं तिचा नारळ गोठ्यामागं फोडला. दुसरा मी माझ्या चुलीम्होरं बसून फोडला. चटनीलाच. पियदासरावांची दोन वर्सं संपस्तवर दर पुनवंला आमच्याकडं चटनी झाली आन सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

आमच्या घरात खोबरं कुनालाच आवडत न्हाय.