तेल्हाऱ्याची रुई

अब्बांच्या गादी कारखान्यात तीन एजंट मीच कामाला लावले. माणसं नाहीत हो, मोबाईलमधले एआय. एक रुई शोधतो, एक नांदगाव पेठेतून कापड, एक गाडी. आपसांत बोलून सगळं जुळवतात. मूर्तिजापुरात असं कोणीच करत नाही, म्हणून शाळेत मी काय मिरवले! नियमही माझाच: तासाभरात उत्तर नाही, तर माल दुसरीकडून.

वसतिगृहाच्या गाद्यांची मोठी ऑर्डर आली आणि नेमकी तेव्हाच तेल्हाऱ्याच्या देवरावकाकांची आई वारली. आमची रुई कायम त्यांच्याच जिनिंगमधून, सरकी काढायच्या गिरणीतून यायची; याही वेळी एजंटनं त्यांनाच विचारलं होतं. यंदा भाव नाही म्हणून घराघरांत पडलेला गावचा कापूस या ऑर्डरीवर निघणार होता.

अब्बा त्यांच्याकडे बसायला गेले, सोबत मी. अंगणात सतरंजीवर माणसं होती. अब्बा काकांना खेटून बसले. तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता, म्हणून त्यांचे भाऊ नत्थुजी यांनी मोठ्यानं वाचलं, "उत्तर न आल्यामुळे आपली ऑर्डर रद्द केली आहे. मुनव्वर गादी भांडार."

सगळे अब्बांकडे पाहू लागले.

"मीच पाठवला," अब्बा म्हणाले. "चुकलं माहं."

अब्बांना मेसेज टाकताही येत नाही.

"अब्बांनी नाही, काका. माझ्या एजंटनं. म्हणजे मीच."

ऑर्डर परत द्यायला मी घाईनं मोबाईल काढला. एजंटनं कारण विचारलं. मी लिहिलं, त्यांची आई वारली.

काकांचा मोबाईल पुन्हा वाजला; एजंटनं परस्परच काही पाठवलं होतं. नत्थुजी वाचता वाचता अडखळले. "मुनव्वरभाई तुमच्या दुःखात सहभागी आहेत, म्हणते."

"मांडीले मांडी लावून बसले, अन् दुःख मोबाईलवर पाठवून राहिले का?" मागून कोणीतरी म्हणालं. एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले.

"काका, ऑर्डर तुमचीच. आत्ता करते."

"राहू दे, पोरी. तुह्या मशीनचं बरोबर आहे. तेरवी होईस्तोर माह्यानं जिन सुरू होत नाही." काका बोलत माझ्याशी होते, पाहत अब्बांकडे. "पण मुनव्वरभाई, तुमी इचारलं असतं, तर मीच म्हटलं असतं, औंदा दुसरीकडून घ्या. तेवढं तरी माह्या हाती राहिलं असतं."



दुसरीकडची रुई सोमवारी आली. चांगली निघाली. गाद्या भरताना अब्बांनी मला कारखान्यात बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.