शेळीच्या घमेल्यातला घास

छबूताईनं दोन वर्साच्या मोनीच्या दंडाला पट्टी गुंडाळली अन् पोरीची आय सुकन्या वाकून बघाया लागली. पट्टीवर तीन रंग. हिरवा म्हंजी धडधाकट, पिवळा म्हंजी खंगल्यालं, लाल म्हंजी जिवाला धोका. पोरीचा दंड पिवळ्यात हुता, पन लालच्या पार उंबऱ्यावर.

"पंधरा दिसांनी परत मोजते," अंगनवाडीची छबूताई म्हनली. "लाल लागला तर तालुक्याच्या दवाखान्यात भरती. मग ऊसतोडीचं नाव काढायचं न्हाई."

टोळी सोळाव्या दिशी निघनार हुती. गेल्या साली ह्याच टोळीतल्या रतनबाईचं लेकरू उसाच्या फडात तापानं फनफनलं. असंच काटकुळं हुतं. गेलं ते गेलंच. तवापासनं सुकन्याला एकच भ्या, मोनी उपाशी निजली अन् सकाळी उठलीच न्हाई तर? म्हनून पोरीनं भाकर थुकली की ही वेफरचा पुडा फोडायची.

अन् अंगनवाडीतनं मिळनारं पीठ? ते शेळीच्या घमेल्यात. वस्तीवर समद्याच बाया तसंच करायच्या. कडू लागतंय म्हनायच्या. चाखलं कुनीच न्हवतं.

छबूताई निघाली ती दारातच थबकली. शेळी मिटक्या मारत पीठ खात हुती. आता ही पिठाच्या यादीतनं आपलं नाव कापती, असं सुकन्याला वाटलं.

"काय गं, हिचाबी दंड मोजू का? हिरवागार भरंल."

सुकन्यानं शेळीला घमेल्यावरनं मागं वढलं.

"बये, पोरगी हट्टी न्हाई, तू भित्री हाईस. त्यो फळीवरचा पुडा बंद कर. तुझ्या ताटातलंच तिला वाढ, संगं बसून. न्हाई खाल्लं तर उचलून ठिव, घटकाभरानं परत वाढ. घास घिऊन मागं पळू नगं."

दुसऱ्या दिशी अंगनात मोनीनं भाकर फेकली अन् टाहो फोडला. थांबंना. सुकन्याचा नवरा सहादेव कोयत्याला धार लावत हुता.

"दे की पुडा. जीव घेतीस का लेकराचा?"

सुकन्याचा हात फळीवरच्या पुड्यापत्तुर गेला, माघारी आला. ती चुलीकडं तोंड करून बसली. कान मातर भाईर.

अन् रडनं एकदम थांबलं.

रतनबाईचं लेकरूबी असंच गप झाल्तं. ती धडपडत भाईर आली.

मोनी शेळीच्या घमेल्यापाशी बसली हुती. दोनी हात पिठात, तोंड माखल्यालं. शेळी बिचारी बाजूला हुबी राहून बघत हुती.

सहादेव खो खो हसला. सुकन्याला हसू येईना. तिनं पोरीचं तोंड धुतलं, नवं पाकीट फोडलं, पीठ शिजवलं अन् आदी सोता चाखलं. कडू कुठलं? गोडच हुतं. मायलेकी एका ताटात जेवल्या.

पंधराव्या दिशी पट्टी निघाली तवा सुकन्यानं डोळे गच्च मिटले.

"सांग, ताई."

"पिवळाच हाय. पन लालपासनं सरकला."

"म्हंजी वाचली?"

"म्हंजी खायला लागली. फडात पुडा दिलास तर परत लालच्या उंबऱ्यावर येईल."

सुकन्याचं भ्या काय गेलं न्हाई. "ताई, ती पट्टी देता का? तिकडं कोन मोजनार?"

छबूताईनं तिच्याकडं बघितलं, पिशवीतनं दुसरी पट्टी काढून दिली.

सकाळी टेम्पोत कोयतं, भांडी, शेळी, समदं चढलं. पट्टी मातर सुकन्यानं गुंडाळून मोनीच्या ताटलीत ठिवली अन् ताटली मांडीवर धरली हुती.